शिंकेचे शुद्धलेखन

शिंक यायला भाषा लागत नाही. तान्हे मूल पहिला शब्द शिकण्याच्या कितीतरी आधी शिंकते, खोकते, त्याला उचक्या लागतात आणि झोपेत ते घुरघुरते. नाक, घसा, श्वासपटल आणि फुप्फुसे यांची रचना पुणे, पॅरिस आणि टोकियो येथील माणसांत सारखीच असते. त्यामुळे शिंकेचा आवाजही मुळात सारखाच म्हणायला हवा. पण तीच शिंक कागदावर उतरवायची वेळ आली की मराठी मूल 'आक्‌छी' लिहिते, फ्रेंच मूल 'आत्चूम', रशियन मूल 'अप्चखी' आणि जपानी मूल 'हाकुशोन'. असे का व्हावे?

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही आणि नवाही नाही. पाणिनीने व्याकरणात अशा शब्दांसाठी 'अव्यक्तानुकरण' ही संज्ञा वापरली आहे. ज्या आवाजात अ, क, च असे वर्ण वेगवेगळे ओळखता येत नाहीत तो अव्यक्त ध्वनी. आणि वर्णांच्या साहाय्याने केलेली त्याची नक्कल ते अव्यक्तानुकरण. यास्काच्या निरुक्तात याच विषयावर एक वाद नोंदलेला आहे. 'काक' हे नाव कावळ्याच्या आवाजावरून पडले आणि पक्ष्यांच्या बाबतीत असे पुष्कळदा घडते, असे यास्क म्हणतो. औपमन्यव नावाच्या आचार्यांना मात्र हे मान्य नव्हते. शब्द आवाजाच्या नकलेतून तयार होतात हेच त्यांना पटत नव्हते. पुढे १९ व्या शतकात मॅक्स म्यूलरने ध्वनीच्या नकलेतून भाषा जन्मली या मताची 'भू-भू सिद्धान्त' म्हणून थट्टा केली, आणि १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत सोस्यूर या स्विस भाषाशास्त्रज्ञाने असे प्रतिपादन केले की अनुकरणवाचक शब्दसुद्धा बऱ्याच अंशी संकेतानेच ठरलेले असतात.

या वादात शरीराचे आवाज हा चांगला कसोटीचा दगड आहे. कावळे देशोदेशी वेगळे असू शकतील, पण घसा सर्वांचा एकच. आणि दुसरा कसोटीचा दगड म्हणजे एस्पेरान्तो. ही भाषा एका माणसाने घडवली असल्यामुळे शिंक, खोकला, घोरणे यांना हवे ते शब्द देण्याची मोकळीक त्याला होती. ती त्याने कशी वापरली हेही आपण पाहू.

शिंकेचे तीन टप्पे

प्रथम शिंक म्हणजे काय ते पाहू. नाकाच्या आतील अस्तराला धुळीने किंवा तिखटाच्या खकाण्याने चेतना मिळाली की संदेश मेंदूच्या मुळाशी असलेल्या भागाकडे जातो. तेथून पुढचे सारे आपोआप घडते. छाती खोल श्वास आत ओढते. मग कंठद्वार क्षणभर मिटते, छातीचे व पोटाचे स्नायू आवळले जातात आणि आत दाब वाढतो. शेवटी कंठद्वार एकदम उघडते आणि हवा नाकातोंडातून जोराने बाहेर पडते.

आता आवाजाचेही तीन भाग पाडता येतात : श्वास ओढताना येणारा उघडा आवाज, मग अडवणूक, आणि मग घासत सुटणारी हवा. मराठी 'आक्‌छी' या चौकटीत बसवून पाहा. 'आ' हा ओढलेला श्वास, 'क्' ही अडवणूक, 'छी' हा सुटलेला झोत. फ्रेंच 'आत्चूम', जर्मन 'हात्ची', रशियन 'अप्चखी', तुर्की 'हाप्शू', जपानी 'हाकुशोन', चिनी 'आथी', कोरियन 'एच्वी' हे सारे शब्द याच क्रमाने जातात. बहुतेकांच्या आरंभी आ किंवा हा आहे. मध्ये क्, त्, प् किंवा च् आहे, म्हणजे हवा पूर्ण अडवणारे व्यंजन आहे. आणि बहुतेकांच्या शेवटी छ, श, ख यांपैकी घासत जाणारा किंवा हवेचा जोर दाखवणारा ध्वनी आहे. म्हणजे सांगाडा शरीराने दिला आहे.

सांगाड्यावर मांस मात्र प्रत्येक भाषेने आपापले चढवले आहे. खरी अडवणूक मुख्यतः कंठद्वारात होते. त्या जागचे व्यंजन बहुतेक भाषांच्या वर्णमालेत नसते, म्हणून मराठीने घशाजवळचा 'क्' घेतला, फ्रेंच व जर्मनने दातांमागचा 'त्', तर रशियन व तुर्कीने ओठांचा 'प्'. जपानी भाषेत दोन व्यंजने सहसा एकमेकांना चिकटत नाहीत, मध्ये स्वर लागतो. त्यामुळे तेथे एका झटक्याची शिंक हा-कु-शो-न अशी चार मात्रांत मोकळी होते. सांगाडा सगळ्यांचा एक असूनही लेखन वेगवेगळे दिसते ते यामुळे.

उचकी, घोरणे आणि थुंकणे

हीच चौकट इतर आवाजांना लावून पाहू. उचकीत श्वासपटल एकाएकी आकुंचन पावते, हवा आत ओढली जाते, आणि सुमारे ३५ मिलिसेकंदांत, म्हणजे एका सेकंदाच्या तिसाव्या हिश्शाच्या आसपास, कंठद्वार खाडकन बंद होते. त्या बंद होण्याचा आवाज म्हणजे उचकी. आपण बोलतो ते श्वास बाहेर सोडताना, उचकी मात्र श्वास आत जाताना वाजते. म्हणजे कोणत्याच वर्णाने ती नेमकी लिहिता येणार नाही. तरीही हवा अचानक अडते ही गोष्ट अनेक भाषांनी पकडली आहे : संस्कृत हिक्का, हिंदी हिचकी, मराठी उचकी, इंग्रजी हिकप, डच हिक, तुर्की हिच्किरिक, तमिळ विक्कल, तेलुगू एक्किळ्ळु.

घोरताना मृदुतालू आणि पडजीभ हवेच्या झोतात फडफडतात. फडफडणाऱ्या आवाजाला जवळचा वर्ण 'र', आणि जागा घशाजवळची. म्हणून मराठी घोरणे, हिंदी खर्राटे, रशियन ख्रापेत्य, तुर्की होर्लामाक, स्पॅनिश रोंकार, तमिळ कुरट्टै. सगळ्यांत 'र' आहे आणि बहुतेकांत घशाचे किंवा हकारासारखे व्यंजन आहे. थुंकताना जीभ दातांशी आणि हवा ओठांशी असते. मराठी थुंकणे, तमिळ तुप्पु आणि प्राचीन ग्रीक 'प्तू-' हा धातू यांत दंत्य व ओष्ठ्य वर्ण आले आहेत किंवा ओठांचा 'उ' आला आहे.

येथे शिक्षकांनी एक सावधगिरी बाळगायला हवी. संस्कृत, ग्रीक, रशियन, इंग्रजी या एकाच भाषाकुलातील भाषा आहेत. बहिणींची तोंडे सारखी असली तर त्याचे कारण आई असते. म्हणून अशा शब्दांतील साम्यावरून लगेच 'ही शरीराची नक्कल आहे' असे म्हणता येत नाही. तमिळ, तुर्की, जपानी, कोरियन अशा वेगळ्या कुळांतील भाषांनी साक्ष दिली तरच पुरावा भक्कम होतो. आणि विरुद्ध साक्षही नोंदवली पाहिजे. खोकल्याला कन्नडमध्ये केम्मु, रशियनमध्ये काशेल, संस्कृतमध्ये कास म्हणतात आणि चिनी भाषेत क-सारख्याच वर्णाने सुरू होणारा शब्द आहे. पण लॅटिन 'तुस्सिस' आणि तमिळ 'इरुमल' या रांगेत बसत नाहीत. घोरण्याला जपानी शब्द आहे 'इबिकी', त्यात 'र' नाही.

अलीकडे असे साम्य संख्याशास्त्राने तपासले जाते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगातील निम्म्याहून अधिक भाषांच्या शब्दयाद्या तपासल्या गेल्या. 'नाक' या अर्थाच्या शब्दांत 'न' हा वर्ण योगायोगाने यावा त्याहून पुष्कळ अधिक वेळा आढळला. २०२४ साली १३१ भाषांतील उद्गारवाचक शब्दांचा अभ्यास झाला. वेदनेच्या उद्गारांत 'आ'सारखे उघडे स्वर आणि आइ, आउ असे जोडस्वर ठळकपणे दिसले. किळस किंवा आनंद यांच्या उद्गारांत मात्र असे साम्य मिळाले नाही. आपण ठेच लागल्यावर 'आई गं' म्हणतो ते आईला हाक मारतो म्हणून, हे खरेच. पण त्या हाकेचे स्वर 'आ' आणि 'ई' आहेत, हे या अभ्यासाच्या उजेडात लक्षात घेण्यासारखे आहे.

नाव आणि नक्कल

आतापर्यंत आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मोजल्या. 'आक्‌छी' ही शिंकेची नक्कल आहे आणि 'शिंक' हे तिचे नाव आहे. नक्कल वाक्यात सुटी राहते, तिला प्रत्यय लागत नाहीत. नावाला विभक्ती लागते, त्याचे क्रियापद होते. दोघांचे आयुष्यही वेगळे असते.

मराठी 'शिंक' हा शब्द 'छिक्का' या जुन्या शब्दापासून आला. 'छिक्का'मध्ये झोताचा 'छ' आणि अडवणुकीचा 'क्क' दोन्ही होते. पण मराठीत जुन्या 'छ'चा स किंवा श झाला. छुरिकेची सुरी झाली, मच्छचा मासा झाला, त्याच नियमाने छिक्केची शिंक झाली. हिंदीत 'छ' टिकला म्हणून तेथे छींक आहे. ध्वनिबदलाच्या नियमाला हा शब्द कशाची नक्कल आहे याच्याशी कर्तव्य नसते. पण तोंडाने शिंकेची नक्कल करताना आपण पुन्हा 'छ' वापरतो, 'आक्‌छी' म्हणतो. नाव झिजते, नक्कल प्रत्येक पिढी नव्याने करते.

इंग्रजीत याची उदाहरणे स्पेलिंगमध्येच गोठून राहिली आहेत. खोकल्यासाठी असलेल्या 'कफ' या शब्दाच्या शेवटी जी-एच ही अक्षरे लिहितात. त्यांचा उच्चार पूर्वी घशातून घासत निघणाऱ्या ख़सारखा होता. पुढे तो ओठांवर येऊन 'फ' झाला. खोकला घशातच राहिला, शब्द मात्र ओठांवर आला. शिंकेच्या 'स्नीझ' या शब्दाचे जुने रूप 'फ्न' या जोडाक्षराने सुरू होत असे, त्यात नाकातून फुसकन निघणारी हवा ऐकू येई. पुढे इंग्रजीत 'फ्न' हा जोड नाहीसा झाला आणि त्या जागी 'स्न' आला. स्नोअर म्हणजे घोरणे, स्निफ म्हणजे हुंगणे, स्नॉर्ट म्हणजे फुरफुरणे, अशी नाकाशी संबंधित शब्दांची एक रांगच इंग्रजीत आहे. स्नीझ त्या रांगेत जाऊन उभा राहिला. मराठीतही शिंक, शिंकरणे, शेंबूड असे नाकाचे शब्द एकमेकांना साथ देतात. उचकीच्या 'हिकप'चे तर असे झाले की कोणाला तरी त्यात खोकला ऐकू आला आणि १७ व्या शतकापासून त्याचे शेवट 'कफ'सारखे लिहिण्याची पद्धत पडली. उच्चार मात्र 'हिकप'च राहिला. अशा भाषेत मुलांनी स्पेलिंग चुकवले तर त्यांच्यावर फार रागावू नये.

घडवलेल्या भाषेतला खोकला

आता एस्पेरान्तोकडे वळू. लुडविक झामेनहॉफ हे नेत्रवैद्य. त्यांचा जन्म १८५९ साली बियालिस्तोक येथे झाला. १८८७ साली वॉर्सा येथे त्यांनी 'डॉक्टर एस्पेरान्तो' या टोपणनावाने आपल्या भाषेचे पहिले पुस्तक प्रसिद्ध केले. १६ नियम आणि सुमारे ९०० मूळ शब्द एवढीच तिची शिदोरी होती. १९०५ साली तिचा पायाभूत ग्रंथ निघाला आणि त्यात बदल करायचा नाही असे ठरले. १९६० च्या सुमारास विनोबा भावे यांनीही ही भाषा शिकून घेतली होती.

या भाषेत २८ अक्षरे आहेत. एका अक्षराचा एकच उच्चार, आणि लिहिले तसे वाचायचे. देवनागरी वाचणाऱ्याला हे नवे वाटणार नाही, पण रोमन लिपीत लिहिल्या जाणाऱ्या भाषांत ही मोठीच सोय आहे. प्रत्येक नाम 'ओ'कारान्त. क्रियापदाचे मूळ रूप 'ई'कारान्त, वर्तमानाला 'आस', भूताला 'ईस', भविष्याला 'ओस'. 'तेर्नी' म्हणजे शिंकणे. 'मी तेर्नास' म्हणजे मी शिंकतो, 'मी तेर्नीस' म्हणजे मी शिंकलो, 'मी तेर्नोस' म्हणजे मी शिंकेन. एस्पेरान्तोतही 'मी' म्हणजे मीच, हे आपल्या विद्यार्थ्यांना नक्की आवडेल.

पण 'तेर्नी'मध्ये शिंक ऐकू येते का? येत नाही. शरीराच्या आवाजांसाठी झामेनहॉफ यांनी नवी नक्कल केली नाही. युरोपातील भाषांत आधीच रुळलेली नावे उचलली. खोकण्यासाठी 'तूसी' आणि उचकीसाठी 'सिंगुल्ती' हे लॅटिन वळणाचे; शिंकेचा 'तेर्नी' फ्रेंच-इटालियन घराण्यातला; घोरण्याचा 'रोंकी' स्पॅनिशला जवळचा; ढेकर देण्याचा 'रुक्ती' लॅटिन; थुंकण्याचा 'क्राची' फ्रेंच; पादण्याचा 'फुर्झी' जर्मन. रोंकी, क्राची, फुर्झी यांत आवाज अजून शाबूत आहे, तेर्नीतला मात्र लॅटिनपासून येता येताच झिजून गेला आहे. हेतू अर्थातच व्यवहारी होता. जितक्या अधिक लोकांना शब्द ओळखीचा वाटेल तितकी भाषा शिकायला सोपी. म्हणजे हवे ते निवडायची मोकळीक असलेल्या माणसानेही नकलेपेक्षा संकेताला झुकते माप दिले. औपमन्यव यांना हे उदाहरण आवडले असते.

पण एस्पेरान्तोने वेगळ्या ठिकाणी भर टाकली आहे. मूळ शब्दाला उपसर्ग-प्रत्यय जोडून आवाजाचा जोर आणि लांबी नोंदवता येते. 'तूसो' म्हणजे एक खोक, 'तुसादो' म्हणजे चालू राहिलेले खोकणे, 'तुसेती' म्हणजे हळूच खोकणे. 'रीदी' म्हणजे हसणे, 'रिदेती' म्हणजे स्मित करणे, 'रिदेगी' म्हणजे खदखदून हसणे, 'एकरीदी' म्हणजे एकदम हसू फुटणे. आपण हेच काम वेगळे शब्द वापरून करतो : खुदकन, फिदीफिदी, खीखी, खदाखदा, खो खो. संस्कृत नाट्यशास्त्रात हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे ६ प्रकार सांगितले आहेत. त्यांतले पाच शब्द 'हस्' या एकाच धातूवर उभे आहेत. ही पद्धत एस्पेरान्तोच्या पद्धतीला बरीच जवळची आहे.

उद्गारालाही तेथे प्रत्यय लागू शकतो. किळस दाखवणारा 'फी' हा उद्गार एस्पेरान्तोत उपसर्ग झाला. 'होमो' म्हणजे माणूस, 'फीहोमो' म्हणजे नीच माणूस. 'वोर्तो' म्हणजे शब्द, 'फीवोर्तो' म्हणजे शिवी. आपल्याकडे 'छी' आणि 'थू' हे दोन उद्गार मिळून 'छीथू' हे नाम झाले, त्याच जातीची ही गोष्ट.

एका अक्षराची कहाणीही सांगण्याजोगी आहे. झामेनहॉफ यांच्या वर्णमालेत घसा खाकरताना निघावा तसा ख़सारखा उच्चार असलेले एक अक्षर आहे. एचवर टोपी काढून ते लिहितात. ते त्या भाषेतील सर्वांत कमी वापरले जाणारे अक्षर ठरले. अनेकांना तो उच्चार जड वाटला आणि बऱ्याच शब्दांत त्याच्या जागी साधा 'क' रूढ झाला. भाषा घडवलेली असली तरी लोक ती तोंडात वापरू लागले की झीज तिलाही चुकत नाही.

येते, लागते, देतो

एस्पेरान्तोशी तुलना केली की मराठीचे एक वैशिष्ट्य उठून दिसते. तेथे शिंक, उचकी, ढेकर, खोकला या सर्वांना एकच साचा आहे : मी शिंकतो, मी उचकी-क्रिया करतो. मराठीत मात्र शिंक 'येते', उचकी 'लागते', ठसका 'लागतो', ढेकर 'येतो' किंवा आपण तो 'देतो', जांभई 'येते' किंवा आपण ती 'देतो', आणि घसा आपण 'खाकरतो'. 'मी उचकी दिली' असे सहसा कोणी म्हणत नाही, कारण उचकी आपल्या हातात नसते. ढेकर मात्र थोडाफार हातात असतो. म्हणून जेवण आवडल्याचा ढेकर दिला जातो. प्रतिक्षिप्त क्रिया आणि ऐच्छिक क्रिया यांतला फरक जीवशास्त्राच्या पाठात शिकवण्यापूर्वीच मुलाच्या मातृभाषेने त्याला शिकवून ठेवलेला असतो. चरकसंहितेतही जे १३ वेग रोखू नयेत असे सांगितले आहे, त्यांत शिंक, ढेकर आणि जांभई आहेत.

लिपीत न मावणारे आवाज

वाईट वाटले की आपण जिभेने दातांमागे 'च्‌ च्‌' करतो, त्याला चुकचुकणे म्हणतो. पण खरा आवाज 'च' नव्हे. तेथे हवा फुप्फुसातून येत नाही. जीभ चिकटवून ओढून सोडल्याने तो होतो. इंग्रजीत हाच आवाज टी, एस, के अशी तीन स्वरहीन अक्षरे लिहून दाखवतात, आणि तो कधी न ऐकलेला वाचक त्याचा 'टिस्क' असा उच्चार करून मोकळा होतो. दक्षिण आफ्रिकेतील खोसा आणि झुलू भाषांत मात्र हे साधे व्यंजन आहे. त्यासाठी रोमन लिपीतील सी हे अक्षर वापरतात. घोडा हाकताना गालाच्या बाजूने काढतात तशा आवाजाला एक्स आणि टाळूवर वाजणाऱ्या टकाराला क्यू. नेल्सन मंडेला यांची मातृभाषा खोसा; या नावातील पहिला वर्णच असा आहे. एका भाषेत जो नुसता शरीराचा आवाज, तो दुसऱ्या भाषेत वर्ण असतो.

चिनी लिपीने निराळा मार्ग काढला. शिंक, खोकला, उचकी आणि 'हा हा' यांच्या चिन्हांत डाव्या बाजूला तोंडाचे एक लहान चौकोनी चिन्ह असते. उच्चार माहीत नसला तरी 'हे तोंडाशी संबंधित आहे' एवढे वाचकाला कळते. थाई भाषेत ५ या आकड्याचा उच्चार 'हा' असा आहे. म्हणून तेथील तरुण मंडळी हसणे ५५५ असे लिहितात.

डॉक्टरांची अडचण

येथवर सारा गमतीचा मामला वाटेल. पण शरीराचे आवाज शब्दांत अचूक मांडण्यावर कधीकधी रोग्याचे भले अवलंबून असते.

१८१६ साली पॅरिस येथे रेने लाएनेक यांनी कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावून ऐकले आणि त्यातून स्टेथोस्कोपचा जन्म झाला. १८१९ साली त्यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला. तेव्हा ध्वनिमुद्रण नव्हते. आपण ऐकलेला आवाज दुसऱ्या गावच्या डॉक्टरला कळावा म्हणून शब्दांखेरीज साधन नव्हते. लाएनेक यांनी उपमांचा आधार घेतला : तव्यावर तडतडणारे मीठ, पारव्याचे घुमणे, शिट्टी. या आवाजांना त्यांनी फ्रेंच भाषेतील 'राल' हे नाव दिले. पण मरणाऱ्या माणसाच्या घशातील घरघरीलाही फ्रेंच लोक 'राल'च म्हणत. रोग्याने ते ऐकले तर त्याचा धीर सुटेल, म्हणून त्याच्यासमोर बोलताना लाएनेक 'राँकस' हा लॅटिन शब्द वापरत. घोरण्याच्या 'रोंकी'चा हा नातेवाईक. मराठी वाचकाला ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही. 'छातीत घरघर आहे' आणि 'घरघर लागली' यांत केवढे अंतर आहे ते आपल्याला ठाऊक आहे.

पुढे घोटाळा झाला. एकाच अर्थाचे हे दोन शब्द दुसऱ्या भाषांत गेल्यावर त्यांना दोन वेगळे अर्थ चिकटले, आणि एका देशातील डॉक्टरचे टिपण दुसऱ्या देशात चुकीचे वाचले जाण्याची वेळ आली. अखेर १९८५ साली टोकियो येथे भरलेल्या परिषदेत वेगवेगळ्या भाषांतील नावे समोरासमोर ठेवून जुळवण्यात आली. तोवर आवाज यंत्राने मोजता येऊ लागले होते. तुटक, तडतडणारे आवाज एका गटात आणि पाव सेकंदाहून अधिक टिकणारे सलग आवाज दुसऱ्या गटात घालण्यात आले. सलग आवाजांत ४०० हर्ट्झ किंवा अधिक कंप्रतेचा तो शिट्टीसारखा आणि २०० हर्ट्झ किंवा कमी कंप्रतेचा तो घोरण्यासारखा 'राँकस', अशी सर्वसाधारण विभागणी आहे. उपमेकडून मोजमापाकडे जाण्याचा विज्ञानाचा नेहमीचा मार्ग येथेही दिसतो. नावे मात्र अजून बहुतांशी आवाजाच्या नकलाच आहेत.

रोगांच्या नावांतही हे दिसते. मराठीत ज्याला डांग्या खोकला म्हणतात त्याला इंग्रजीत 'हूपिंग कफ' हे नाव आहे. खोकल्याची लांबलचक उबळ संपताना मूल जो श्वास जोराने आत ओढते त्याचा आवाज म्हणजे 'हूप'. चिनी आणि जपानी भाषांत याच रोगाला 'शंभर दिवसांचा खोकला' म्हणतात. एक नाव आवाज सांगते, दुसरे मुदत. निदानाला दोन्ही उपयोगी. फार लहान बाळांत हा 'हूप' पुष्कळदा ऐकू येत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

वर्गात करून पाहा

१. मुलांना डोळे मिटायला सांगून खोकणे, खाकरणे, चूळ भरणे, फुंकर मारणे, बोटे मोडणे असे आवाज काढून दाखवा. प्रत्येकाने ऐकलेला आवाज देवनागरीत लिहावा. मग सर्वांचे लेखन फळ्यावर मांडून काय समान आले ते शोधा.

२. आपली वर्णमाला कंठापासून ओठांपर्यंत क्रमाने लावलेली आहे. गिळणे, घोट, गुळणी, खाकरणे, थुंकणे, फुंकणे यांतील पहिला वर्ण आणि त्या क्रियेची जागा जुळते का ते तपासा. न जुळणारे शब्दही तितक्याच काळजीने नोंदवा.

३. घरी अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, कोकणी, उर्दू, कन्नड, तेलुगू किंवा एखादी आदिवासी भाषा बोलणारी मुले वर्गात असतील तर त्यांच्याकडून शिंक, उचकी आणि घोरणे यांचे शब्द गोळा करा. नाव आणि नक्कल यांचे वेगळे रकाने करा.

४. खोकल्याचे वर्णन चार ओळींत लिहायला सांगा : कोरडा की कफ पडणारा, दिवसा की रात्री, उबळ किती वेळ, श्वास आत घेताना आवाज होतो का, किती दिवसांपासून. 'खूप खोकला आहे' एवढ्याने डॉक्टरला फारसे कळत नाही. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक टिकलेल्या खोकल्यासाठी क्षयाची तपासणी करून घ्यावी, हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा नियम याच पाठात सांगता येईल.

या चौथ्या पाठासाठी वेगळे साहित्य लागत नाही. पण एखाद्या मुलाचा खोकला घरच्यांच्या कानाला सवयीचा झालेला असतो, आणि तो किती दिवसांचा आहे हे चार ओळी लिहितानाच प्रथम ध्यानात येते. आवाजाला अक्षर नेमके मिळाले नाही तरी चालेल. तो लक्ष देऊन ऐकला आणि नोंदला गेला पाहिजे.